दिंडी दरवाजा

भिंत आणि दार यांत थोर कोण, असे मला कुणी विचारले तर मी दाराच्या बाजूने उभा राहीन. भिंत एकदा बांधली की तिचे काम संपते. कुणाला आत घ्यावे आणि कुणाला नको, याचा विचार तिला करावा लागत नाही. दाराला तो रोज करावा लागतो आणि दिवाळीत तर घटकेघटकेला.

अलीकडे आपल्या घरांना एक नवे दार आले आहे. त्याला उंबरठा नाही, कडी नाही; ते म्हणजे ई-मेलची पेटी. आमच्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. कागदी पत्रे मलकापूर स्टेशनावर उतरायची आणि राजूरचा घाट चढून वर यायची. एवढी चढण चढून येणारे पत्र बहुधा कामाचेच असे. ई-मेलला घाट नाही आणि पोस्टाचे तिकीटही नाही. त्यामुळे सणाच्या दिवसांत एका खऱ्या शुभेच्छापत्रामागून साड्यांची सवलत, न मागितलेले कर्ज आणि न काढलेल्या लॉटरीचे बक्षीस अशी सगळी वरात आत शिरते.

हे दुखणे आजचे नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या एका विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. न मागवलेल्या व्यापारी ई-मेलचा आरंभ तिथून मोजतात. गंमत अशी की, त्याआधी तीन वर्षे, १९७५ साली, जॉन पोस्टेल या तंत्रज्ञाने एक टिपण लिहून ठेवले होते. उपद्रवी यंत्राकडून येणारे निरोप नाकारण्याची सोय हवी, असा त्याचा आशय होता. चोर येण्याआधी कुलपाचा विचार करणारी माणसे जगात असतात. त्यांचे ऐकले मात्र चोरी झाल्यावर जाते.

हे कुलूप लावतात कसे? ई-मेलच्या पत्त्यात मधोमध एक वेटोळे चिन्ह असते. रे टॉमलिन्सनने १९७१ साली ते तिथे बसवले. चिन्हाच्या आधी माणसाचे नाव आणि नंतर त्याचे डोमेन, म्हणजे गाव. आपल्याला यात नवल वाटू नये. चिखलीकर, लोणारकर, देऊळगावकर या आडनावांतला ‘कर’ हे दुसरे काय आहे? नको असलेला एकच माणूस अडवला, तर तो उद्या नाव बदलून त्याच गावाहून पुन्हा येतो. म्हणून लोक नियम करतात. फिल्टरमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी वेटोळे चिन्ह आणि पुढे नुसते डोमेन लिहायचे आणि ‘काढून टाका’ असे सांगायचे. झाले! त्या गावाचे एकही माणूस यापुढे आपल्या दाराशी दिसत नाही.

मला प्रश्न पडतो तो इथे. चार लबाडांसाठी अख्ख्या गावाला दार बंद करणे न्यायाचे आहे काय?

‘दार माझे, पेटी माझी,’ असे कुणी म्हणेल, आणि ते मला मान्य आहे. माझा वेळ मागण्याचा हक्क जगाला नाही. जे डोमेन जन्मालाच लबाडीसाठी आले, त्याची कीव करण्याचेही कारण नाही. पण सगळी गावे तशी नसतात. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. त्यावर उपाय निघाले आहेत, तरी सगळ्यांनी ते योजलेले नाहीत. तेव्हा ज्याच्या नावाने त्रास झाला, त्याला त्याची वार्ताही नसेल.

आणखी एक गोष्ट पाहा. जीमेलच्या पत्त्यांवरूनही भरपूर कचरा येतो. पण ते सबंध डोमेन अडवण्याचे धाडस कुणी करीत नाही, कारण आपली मावशी, जावई आणि बँकेतला ओळखीचा कारकून तिथेच राहतात. एखाद्या लहानशा महाविद्यालयाचे किंवा सहकारी संस्थेचे डोमेन मात्र आपण दोन पत्रांत मोडीत काढतो. शहराच्या वाट्याला क्षमा आणि खेड्याच्या वाट्याला शिक्षा! संख्येने मोठा असणे हा केव्हापासून निर्दोषपणाचा पुरावा झाला?

गावावरून माणूस ठरवण्याची ही खोड जुनी आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या कक्षेत पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती आल्या आणि त्यांत जन्मलेले मूल काही करण्याआधीच संशयित ठरू लागले. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. त्या दुःखाची ई-मेलच्या कटकटीशी बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. दुःखे वेगळी आहेत. विचाराची चाल मात्र तीच आहे. माणूस तपासण्याचे कष्ट नकोत, म्हणून कुळ तपासायचे.

घरच्या पेटीत ही चाल फारशी जाचत नाही. पण नोकरीचे अर्ज घेणाऱ्याने, फी माफ करणाऱ्याने किंवा तक्रारी ऐकणाऱ्याने तोच नियम केला, म्हणजे? आपले पत्र नाकारले गेले, हेही पाठवणाऱ्याला बहुधा कळत नाही. तो उत्तराची वाट पाहत बसतो. पूर्वी वाळीत टाकताना निदान पंचायत भरत असे. इथे निकाल आहे, पण सुनावणी नाही. आणि त्या वाळीत टाकण्यालाही महाराष्ट्राने २०१७ पासून कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

मग नियम करूच नयेत काय? करावेत. जुन्या वाड्यांची एक युक्ती मात्र उचलावी. वाड्याचा मोठा दरवाजा रात्री बंद होई, पण त्याच्या फळीत एक लहान दार असे, दिंडी दरवाजा. उशिरा येणारा वाटसरू वाकून, ओळख सांगून आत येई. फिल्टरलाही अशी दिंडी ठेवता येते. पत्रे काढून टाकण्याऐवजी वेगळ्या कप्प्यात पाठवावीत आणि आठवड्यातून एकदा त्यावर नजर टाकावी. गाव अडवले, तरी त्यातल्या ओळखीच्या माणसाला अपवाद लिहून ठेवावा.

राग हा पाहुणा आहे, दोन दिवसांत जातो. पण रागाच्या भरात केलेला नियम घरजावई होऊन बसतो. आपण झोपलो तरी तो जागा असतो आणि आपण विसरलो तरी तो विसरत नाही. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची अडगळ काढताना या नियमांची यादीही एकदा काढून पाहावी. कोणते गाव कशासाठी अडवले होते, हे ज्याच्यापुढे आठवत नाही, तो नियम खुशाल पुसावा. कारण आठवत नाही, पण शिक्षा चालू आहे, यापेक्षा मोठा अंधार कोणता?