नातीस पत्र : देऊळ पाण्यासकट पाहावं

वेळापूर, ता. माळशिरस

चि. नातीस,


क्योतोहून पाठवलेले फोटो पाहिले. फुशिमी इनारीच्या डोंगरावर चढत गेलेल्या त्या शेंदरी कमानी फार आवडल्या. प्रत्येक कमान कुणीतरी देवाला वाहिलेली आणि तिच्या मागच्या अंगाला देणाऱ्याचं नाव! आपल्या भागात असं काही पाहण्यासारखं आहे का, असं तू विचारलंस. आहे, आणि सुरुवात आपल्या गावातूनच करायची.

अर्धनारी नटेश्वराच्या कुंडाच्या पायऱ्यांवर तू लहानपणी खेळलीस, पण तिथला शिलालेख कधी निरखून पाहिलास का? यादव राजा रामचंद्राच्या काळातला म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा, आणि भाषा मराठी. देवाच्या कामी कुणाचा हात लागला, हे तेव्हाही दगडावर कोरून ठेवत. भर दुपारी गेलीस तर नुसता काळा दगड दिसेल. उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात एकेक अक्षर वर येतं, तेव्हा घाई न करता बोटानं त्याचं वळण गिरव.

गावाजवळचा उतार तर तुला माहीतच आहे. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून आषाढात माउलींच्या पालखीबरोबर हजारो माणसं इथं धावा करतात. एकदा त्यांच्यात तूही धाव.

मग अकलूजवरून नीरा नरसिंहपूरला जाऊ. नीरा भीमेला मिळते तिथं दगडी घाटावर बसायचं. नरसिंहाचं दर्शन पाच मिनिटांत उरकून गाडीकडे वळणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. देऊळ त्या ठिकाणी बांधलं ते संगमासाठी. पाणीच पाहिलं नाही तर अर्धं दर्शन राहिलं. जपानी लोकांनी देवाभोवतीची झाडी राखली. आपण मात्र देवळाच्या अंगणात फरशी घालतो आणि कोरीव दगडाला ऑइलपेंट फासतो. हे थांबायला हवं, आणि तुमच्या पिढीनं ते ठणकावून सांगायला हवं.

शेवटी उजनी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की त्याचं शिखर पुन्हा उघडं पडतं. ज्यांची घरं, शेतं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी ते पर्यटन नव्हे. तिथं आवाज खाली ठेवून वावर. त्याच जलाशयावर हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. पहाटे नावेतून जायचं आणि नावाड्याला लांबच थांबायला सांगायचं. थवा उडवून फोटो काढायचा नाही.

सुट्टी पौषात घे. फाल्गुन सरेपर्यंत बरीचशी पाखरं उत्तरेला निघून जातात.

तुझे,
आजोबा