मैत्रीचे ऋण आणि मूठभर पोहे

मैत्रीचा विचार करताना तत्त्वचिंतकांनी सुखाला बहुधा दुय्यम स्थान दिले आहे. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगावर आधारलेली, सुखावर आधारलेली आणि परस्परांच्या सद्गुणांवर आधारलेली. उपयोग सरला किंवा आवड बदलली की पहिल्या दोन तुटतात. टिकते ती तिसरीच. एकत्र पाहिलेला चित्रपट, वाटून खाल्लेला म्हैसूरपाक, कॉफीच्या पेल्यावरून रंगलेल्या गप्पा हे सारे या हिशेबात दुसऱ्या प्रकारात जमा होते. ही वर्गवारी चुकीची नाही. परंतु दोन मित्रांपैकी एकाचे दैव एकाएकी पालटते तेव्हा ती पुरी पडते काय, हा खरा प्रश्न आहे.

बंगळुरू शहराने या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण पुरवले आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी भाषा या शहराला परकी नाही. पुरणपोळी येथे ओबट्टू अथवा होळिगे या नावाने, अनेकदा तुरीच्या डाळीचे पुरण घेऊन, पानात येते. अशा या शहरात 1950 साली एका मराठीभाषक घरात शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. तरुणपणी ते शहराच्या बससेवेत वाहक होते. त्यांच्या बसचे चालक राज बहादूर यांना या सहकाऱ्यातला नट दिसला आणि त्यांनी त्याला चित्रपटाकडे वळण्याचा आग्रह केला. गायकवाड मद्रासच्या अभिनय-शिक्षणाकडे वळले. 1975 साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटातून ते ‘रजनीकांत’ म्हणून पडद्यावर आले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

येथे नैतिक पेच उभा राहतो. एकाच बसमध्ये, जवळपास सारख्याच वेतनावर काम करणाऱ्या दोघांपैकी एक अमाप कीर्तीला पोहोचला आणि दुसरा होता तेथेच राहिला. आणि पहिल्याच्या उत्कर्षाचे बीज दुसऱ्याच्या दृष्टीत होते. या ऋणाचे काय करावे? ते फेडले तर मैत्रीचे व्यवहारात रूपांतर होते. कर्ज फिटल्यावर सावकाराच्या ओट्यावर कोणी बसत नाही. न फेडावे तर तो कृतघ्नपणा ठरतो. महाभारताच्या आदिपर्वात हाच पेच उग्र रूपाने येतो. राजा झालेला द्रुपद बालमित्र द्रोणाला सांगतो की, मैत्री बरोबरीच्या माणसांतच संभवते. द्रोण पुढे शिष्यांकरवी त्याला जिंकतो, अर्धे राज्य स्वतःकडे ठेवतो आणि बरोबरी सिद्ध करतो. बरोबरी झाली, मैत्री मात्र कायमची गेली. म्हणजे द्रुपदाचे तत्त्व नाकारणाऱ्यानेही अखेर तेच तत्त्व मान्य केले.

याउलट भागवताच्या दशम स्कंधातील कथा आहे. लोकपरंपरेने सुदामा म्हणून ओळखलेला तो दरिद्री ब्राह्मण शेजाऱ्यांकडून मागून आणलेले पोहे फडक्यात बांधून द्वारकेला जातो आणि वैभव पाहून ती पुरचुंडी लपवतो. श्रीकृष्ण ती ओढून घेतो आणि मूठभर पोहे तोंडात टाकतो. या कथेचे तात्पर्य सामान्यतः देवाने भक्ताला दिलेल्या ऐश्वर्यात शोधले जाते. परंतु मैत्रीच्या दृष्टीने निर्णायक क्षण त्याआधीचा आहे. ज्याच्यापाशी सर्व काही आहे तो त्या क्षणी मागणारा होतो आणि ज्याच्यापाशी काहीच नाही तो देणारा ठरतो. राज्य वाटून जी बरोबरी साधली नाही ती खाण्याच्या एका ओढीने साधली.

यावर आक्षेप घेता येईल. समर्थाने दुर्बळापुढे हात पसरणे हे नाटकही असू शकते. मोठेपणा मिरवण्याची ती अधिक सफाईदार रीत ठरू शकते. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यातूनच एक कसोटी हाती लागते. ओढ खरी असली पाहिजे, आणि विषमता येण्यापूर्वीची असली पाहिजे. गोडाच्या आवडीला येथे महत्त्व येते ते यामुळेच. ती कोणाच्या उपयोगाची नसते, प्रतिष्ठेने फारशी बदलत नाही, आणि पैशाने विकत घेतलेला जिन्नस मित्राच्या घरच्या पोळीची जागा घेत नाही. चित्रपटाचे सुख तेवढे भाग्यवान नाही. केंपेगौडा रस्त्यावरील चित्रपटगृहांत एकाच दराचे तिकीट काढून शेजारी बसणारे दोघे अंधारात समान असत. त्यांपैकी एक पडद्यावर गेला की दुसऱ्याला खुर्ची तेवढी उरते. ते सुख यशाने हिरावले जाते. पानातले सुख शिल्लक राहते.

ॲरिस्टॉटलनेही उपकार करणारा उपकृतापेक्षा अधिक प्रेम करतो, असे निरीक्षण नोंदवले आहे. कारागिराचा आपल्या कृतीवर जीव असतो तसा. तेव्हा देणाऱ्याला परतफेड नको असते. आपले देणे वाया गेले नाही, एवढी साक्ष हवी असते. 25 ऑक्टोबर 2021 रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांत यांनी गुरू बालचंदर व थोरले बंधू यांच्याबरोबर राज बहादूर यांचेही नाव घेतले, हे या अर्थाने महत्त्वाचे आहे. नाव घेण्याने ऋण फिटत नाही. उलट ते चारचौघांत मान्य होते आणि शिल्लक राहते. आत्मचरित्र असो वा साधी रोजनिशी, आपल्या आयुष्याविषयी बोलणाऱ्याचे सत्य त्यात दुसऱ्यांची नावे कोठे व कशी येतात यावरून पारखावे.

ज्या मैत्रीतून ऋणाची जाणीव गेली ती उथळ होते, आणि जिच्यात केवळ ऋणच उरले ती जड होते. सुखाची मैत्री ही सद्गुणांच्या मैत्रीची खालची पायरी नव्हे. कित्येकदा तीच तिची राखणदार असते. दैवाने उंच नेलेल्या माणसाला मित्राच्या हातचे काही खावेसे वाटते, तोवर त्या मित्राला देण्यासारखे काही उरते. आणि ज्याला देता येते तो लहान नसतो.