मोजलेलं पाणी

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलजवळ मेरिमॅक नदी थोडक्या अंतरात सुमारे 32 फूट खाली उतरते. तो धबधबा टाळून लाकडाचे तराफे समुद्राकडे नेता यावेत म्हणून 1796 मध्ये पॉटकेट कालवा खुला झाला. पुढे बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी कालवा आणि भोवतालच्या जमिनी गाजावाजा न करता विकत घेतल्या. 1823 मध्ये त्या पाण्यावर सुती कापडाची पहिली गिरणी फिरू लागली.

लोवेलची खरी करामत मला यंत्रांपेक्षा हिशेबात दिसते. कालव्याची मालक असलेली कंपनी गिरण्यांना पाणी विकायची, तेही ‘मिल-पॉवर’च्या मापानं. 30 फूट उतारावर सेकंदाला 25 घनफूट पाणी म्हणजे एक मिल-पॉवर. कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स फ्रान्सिस यांनी हे मोजमाप फार निगुतीनं केलं. पत्र्याच्या लांब नळ्यांच्या तळाशी वजन घालायचं, म्हणजे त्या पाण्यात उभ्या तरंगतात. मग त्या पाटात सोडायच्या आणि ठरलेलं अंतर कापायला किती सेकंद लागले ते टिपून घ्यायचं. इतक्या साध्या साधनानं वाहत्या पाण्याचा हिशेब लागला. त्यांनी सुधारलेलं टर्बाइनही याच कामातलं. आपल्या कोयनेच्या चौथ्या टप्प्यात आज त्याच जातीची टर्बाइन्स आहेत.

ही चिकाटी मला मनापासून भावते. पण पाण्याला भाव आला की नदीचं खोरंच मालमत्ता होऊन बसतं. उन्हाळ्यातही गिरण्या चालाव्यात म्हणून कंपन्यांनी 1845 पासून वरच्या अंगाला, थेट न्यू हॅम्पशायरमधल्या तळ्यांच्या पाण्यावर ताबा मिळवला. आपल्या दारचं पाणी कधी सोडायचं हे परगावचे गिरणीमालक ठरवणार, हे तिथल्या लोकांना कसं रुचावं? 1859 मध्ये ते लेक व्हिलेजचं धरण फोडायला चालून गेले.

आणि गिरणीतल्या मुली? शेतावरची घरं सोडून आलेल्या या मुली घंटेच्या तालावर दिवसाला बारा-तेरा तास राबत. पाण्याच्या सेकंदासेकंदाची नोंद ठेवणाऱ्या गावात माणसाच्या दिवसाला मर्यादा नव्हती. ती त्यांनी अर्ज करकरून मागितली. सारा बॅगली स्वतः गिरणीत काम केलेली. 1845 मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे तिनं साक्ष दिली. समितीनं गाऱ्हाणी ऐकून घेतली आणि यात कायद्यानं पडू नये असा निर्वाळा दिला. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा तासांचा कायदा व्हायला 1874 उजाडलं, आणि तोही फक्त बायका-मुलांपुरता.