मार्गाची निवड आणि साधकाचा अधिकार

कर्म, ज्ञान, भक्ती आणि ध्यान असे योगाचे चार मार्ग आहेत. ज्याला जो रुचेल तो त्याने आचरावा. सर्व मार्ग अखेर एकाच ठिकाणी पोचतात, असे आज सर्वत्र सांगितले जाते. हे सांगणे कानाला गोड आहे. परंतु रुची हेच प्रमाण मानले, तर गीता दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकापाशीच संपावयास हवी होती. गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून राहणे बरे, असे अर्जुन तेथे स्पष्ट म्हणतो. त्याची रुची निवृत्तीकडे होती, आणि भगवंतांनी नेमकी तीच अमान्य केली.

का अमान्य केली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. संन्यास हीन म्हणून नव्हे; तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन निष्ठा सांगताना ज्ञाननिष्ठेचा मान पूर्णपणे राखला आहे. अर्जुनाची निवृत्ती शोकातून उपजलेली होती, हे खरे कारण. देहाला क्लेश होतील या भयाने केलेला त्याग राजस होय व त्याचे फळ मिळत नाही, असे अठराव्या अध्यायाचा आठवा श्लोक सांगतो. अर्जुनाला देहक्लेशाचे भय नव्हते, स्वजनवधाचे दुःख होते. तरीही दुःख चुकविण्यासाठी केलेली निवड म्हणून न्याय तोच लागू पडतो.

हा प्रसंग कुरुक्षेत्रापुरता नाही. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, भावांत वाटणीचा तंटा चालू आहे, आणि गृहस्थाला एकाएकी ध्यानाची ओढ लागते. पहाटे दोन घटका डोळे मिटून बसल्यावर त्याला जी शांती लाभते, ती खोटी म्हणता येत नाही. पण ती शांती समाधीच्या दिशेने नेणारी आहे की आईच्या खोलीपासून दूर नेणारी, हे त्याला स्वतःलाही चटकन कळत नाही. जुन्या लोकांनी स्मशानवैराग्य, पुराणवैराग्य आणि प्रसूतिवैराग्य असे तीन प्रकार उगीच सांगितले नाहीत. चिता विझली, पुराण संपले, वेणा थांबल्या, की तिन्ही ओसरतात. तंटा मिटून चार पैसे हाती आल्यावरही ध्यानाची ओढ तशीच राहते काय, एवढे त्या गृहस्थाने स्वतःला विचारून पाहावे.

अधिकाराची मीमांसा भागवताच्या एकादश स्कंधाच्या विसाव्या अध्यायात अधिक उघडपणे आली आहे. उद्धवाला तेथे ज्ञान, कर्म आणि भक्ती असे तीनच योग सांगितले आहेत. कर्माविषयी जो खरोखर विटला, त्याला ज्ञानयोग. ज्याच्या कामना अजून जाग्या आहेत, त्याला कर्मयोग. आणि जो फार विटलेलाही नाही व फार आसक्तही नाही, पण भगवत्कथेविषयी ज्याच्या ठायी श्रद्धा उपजली, त्याला भक्तियोग. आवडीचा येथे प्रश्नच नाही; चित्ताची आजची अवस्था काय, एवढेच पाहिले आहे. याच एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीस टीका पूर्ण केली. नाथ स्वतः गृहस्थाश्रमी होते, हे येथे विसरू नये.

आता सर्व मार्गांचे गंतव्य एकच, या विधानाविषयी. पाचव्या अध्यायात सांख्य आणि योग एकच स्थान प्राप्त करून देतात असे वचन आहे. पण ते त्या दोघांपुरते आहे. ते सर्व मार्गांना लावणे हा वाचकाचा विस्तार होय. पातंजल दर्शनाचे साध्य कैवल्य. म्हणजे पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे. मुनींनी वियोगालाच योग हे नाव दिले, असे भोजराजाने आपल्या वृत्तीच्या आरंभी मोठ्या मौजेने नमूद केले आहे. उलट भागवताच्या तृतीय स्कंधातील भक्त सेवेवाचून दिलेले सायुज्यही घेत नाही. जो मुक्ती दिली तरी नाकारतो आणि जो कैवल्यासाठी चित्ताच्या सर्व वृत्ती निरोधतो, ते दोघे एकच वस्तू मागत आहेत असे म्हणणे घाईचे आहे. आचार्यांनीही ही घाई केली नाही. शंकराचार्यांच्या मते कर्म चित्तशुद्धीपुरते व मोक्ष ज्ञानाने; रामानुजाचार्यांच्या मते कर्म आणि ज्ञान ही भक्तीची अंगे; तर १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी ज्ञानोत्तरही कर्म सुटत नाही असा पक्ष मांडला. तिघांनीही मार्गांना क्रम लावला, आणि त्यासाठी परमताचे खंडन करण्याचे कष्ट घेतले. सर्व काही एकच, असे म्हटले की ते कष्ट वाचतात खरे!

साधकाची अडचण मात्र गीतेने ओळखली आहे. बाराव्या अध्यायात चित्त ईश्वरी स्थिर कर, ते न जमल्यास अभ्यास कर, तेही न जमल्यास त्याच्यासाठी कर्म कर, आणि तेही न झाल्यास कर्मफळ सोड, अशी एकेक पायरी खाली आणली आहे. येथे प्रत्येक वेळी ‘हे तुला जमत नसेल तर’ असा विचार केला आहे. ‘आवडत नसेल तर’ असा नाही.

दोहोंतले एक काय ते निश्चित सांगा, अशी विनवणी अर्जुन तिसऱ्या अध्यायात करतो, पाचव्याच्या आरंभी पुन्हा करतो, आणि बाराव्याच्या आरंभीही दोन उपासकांत श्रेष्ठ कोण असे विचारतो. अठराव्यात मोह गेला, संशय फिटला असे सांगताना तो कोणत्याही मार्गाचे नाव घेत नाही. सांगितलेले करीन, एवढेच म्हणतो आणि युद्धाला उभा राहतो.