यंत्राच्या वागण्याचा कर्ता कोण?

विजेच्या ग्रिडविषयी बोलताना कोणी कर्म, कर्ता, दैव असे शब्द काढले की इंजिनिअर मंडळी गालातल्या गालात हसतात आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक कपाळाला आठ्या घालतात. दोघांची अडचण समजण्यासारखी आहे. तरीही सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रसाराने कर्तृत्वाचा जुना प्रश्न आज पुन्हा पुढ्यात आणून ठेवला आहे, आणि तो टाळून फार दिवस चालणार नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी ग्रिडचा तोल बराचसा जड पदार्थाच्या स्वभावावर उभा होता. आता तो दिवसेंदिवस माणसांनी लिहिलेल्या नियमांवर उभा राहतो आहे. स्वभावाला जाब विचारता येत नाही, लिहिलेल्या नियमाला विचारता येतो. म्हणून वीज गेल्यावर निसर्गाकडे, नशिबाकडे किंवा 'सिस्टिम'कडे बोट दाखवून हात झटकण्याची सोय आता उरलेली नाही.

आधी स्वभावाचे पाहू. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातल्या संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. राज्यातला, देशातला असा प्रत्येक संच एकमेकांशी ताल धरून फिरत असतो आणि त्या तालालाच आपण ५० हर्ट्झ म्हणतो. कुठे एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले, तर कमी पडलेली वीज पहिल्या काही सेकंदांत या फिरत्या वजनांमधून निघते. रोटर किंचित मंदावतात आणि तेवढ्यात बाकीची व्यवस्था जागी होते. यात कोणी हुकूम देत नाही, कोणी परवानगी मागत नाही. ग्रिडला थेट जोडलेली पंपाची मोटरही आपला वाटा असाच उचलते. फ्रिक्वेन्सी उतरली की ती हळू फिरते आणि कमी वीज घेते. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते. त्यातून येणारी डीसी वीज इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन एसीत बदलतात आणि कधी चालू व्हायचे, कधी बंद, हे एक प्रोसेसर ठरवतो. आधुनिक पवनचक्कीची पाती फिरताना दिसतात, पण त्यांच्या आणि ग्रिडच्या मध्ये कन्व्हर्टर असतो, त्यामुळे त्यांचे जडत्व ग्रिडला आपोआप मिळत नाही. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, लावलेल्या मोटरचेही तेच. ग्रिडची फ्रिक्वेन्सी उतरली तरी ड्राइव्ह मोटरला हवा तोच वेग देत राहतो आणि तेवढीच वीज ओढतो. ड्राइव्हने विजेची मोठी बचत होते, तेव्हा ही तक्रार नव्हे. मुद्दा इतकाच की संकटात वाटा उचलायचा की नाही, उचलायचा तर किती आणि किती वेळ, हे आता कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. लिहिले नाही, तरी कारखान्यातून आलेला कुठला तरी आकडा तिथे असतोच, आणि ऐन वेळी तोच लागू होतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियाचे. २८ सप्टेंबर २०१६ रोजी त्या राज्यात भयंकर वादळ झाले. चक्रीवातांनी पारेषणाचे मनोरे उखडले, २७५ केव्हीच्या तीन वाहिन्या निकामी झाल्या आणि दोन मिनिटांच्या आत व्होल्टेजला सहा वेळा गचके बसले. पवनचक्क्यांनी पहिले काही गचके नीट सोसले. मग एकामागून एक प्रकल्पांनी उत्पादन कमी केले. सात सेकंदांपेक्षा कमी वेळात ४५६ मेगावॉट वीज गेली. ती तूट शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर पडली, तीही तुटली, आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. राजकारण्यांनी लगेच निकाल दिला: वारा बेभरवशाचा, पवनऊर्जेचे हे असेच. चौकशीत मात्र वेगळेच निघाले. वाऱ्याने दगा दिला नव्हता. टर्बाइनच्या नियंत्रण प्रणालीत एक सेटिंग होते: ठरावीक वेळात अमुक इतके गचके सोसायचे, त्यापुढे माघार घ्यायची. हा आकडा किती आहे, किंबहुना असा आकडा आहे, हेच ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला ठाऊक नव्हते. पुढे नियामकाने काही कंपन्यांवर खटले भरले आणि न्यायालयाने दंड ठोठावले. ठपका वादळाचा नव्हता, बंद पडण्याचाही नव्हता. त्या सेटिंगला लेखी मंजुरी घेतली नव्हती, हा होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. (गीतेत इन्व्हर्टर होता असे सांगण्याचा हा खटाटोप नव्हे, तसले लेख पुरेसे निघतात.) ही मांडणी इथे कामाची आहे ती दोन कारणांनी. एक तर ती दैवाला नाकारत नाही. चक्रीवात हे दैवच होते, आणि ते नसते तर त्या दिवशी काही झाले नसते. दुसरे म्हणजे ती दैवाला पाचातली एकच जागा देते. अशा प्रत्येक अपघातानंतर होते काय, तर अधिष्ठान, साधने, चेष्टा, दैव या चारांची तपशीलवार नोंद होते आणि कर्त्याची जागा कोरी राहते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयीन निकालाने ती जागा भरली. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की जो स्वतःलाच एकटा कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. म्हणजे सारे खापर एकाच कंपनीच्या माथी फोडणेही चूक, आणि कारणे पाच आहेत म्हणून कर्ता नाहीच असे म्हणणेही चूक.

आता पहिला आक्षेप. असे लिहिलेले नियम जुन्या ग्रिडमध्येही होतेच की. बिघाड दिसताच वाहिनी तोडणारे रिले होते, त्यांचे सेटिंग होते. हे खरे आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर वाहिनीवरच्या रिलेने जड भाराला बिघाड समजून ती वाहिनी तोडली आणि उत्तरेचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेले. महाराष्ट्र ज्यात आहे ते पश्चिमेचे ग्रिड दोन्ही दिवस तगले, म्हणून आपल्याकडे त्याची आठवण पुसट आहे. पण या आक्षेपाने माझे म्हणणे पडत नाही, उलट पक्के होते. जुन्या व्यवस्थेत रिले चुकला तरी त्याच्या भोवती न लिहिलेल्या, नुसत्या जड वजनाच्या साहाय्याचा मोठा साठा असे. नव्या व्यवस्थेत तो साठा आटत जातो आणि रिलेसारखे निर्णय लाखो छतांवर, लाखो पेट्यांमध्ये बसतात. कर्तृत्व पूर्वीही होते. आता ते सर्वत्र आहे.

लाखो पेट्या म्हटले की जर्मनीकडे वळावे लागते, कारण तिथे हा प्रश्न निखळ नीतिशास्त्राच्या रूपात उभा राहिला. ग्रिडमध्ये वीज जास्त झाली की फ्रिक्वेन्सी चढते. म्हणून तिथल्या जुन्या नियमात छतावरच्या सौर इन्व्हर्टरला सांगितले होते की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की तत्काळ बाजूला हो. छतावर पॅनेल बसवणारी घरे मोजकी होती तोवर हा नियम शहाणपणाचा होता. एकाने बाजूला व्हावे, भार हलका करावा. पुढे सौर क्षमता काही हजार मेगावॉटांच्या घरात गेली आणि लक्षात आले की ५०.२ ला हे सारेच इन्व्हर्टर एका क्षणी निघून जातील. युरोपच्या सामायिक ग्रिडमध्ये एकदम ३००० मेगावॉट गेले तर सावरता येईल एवढी तरतूद असते. इथे त्याहून कितीतरी जास्त जाण्याची शक्यता होती. कांटने १७८५ च्या ग्रंथात कृतीची जी कसोटी दिली, तुझ्या वागण्याचा नियम सर्वांचा नियम झालेला तुला चालेल का, ती इथे अक्षरशः लागू पडते. 'ग्रिड वाचावे म्हणून मी ग्रिड सोडतो' हा नियम सर्वांनी पाळला तर वाचवायला ग्रिडच उरत नाही. कांटच्या टीकाकारांचे नेहमीचे म्हणणे असते की ही कसोटी फार कोरडी, प्रत्यक्षात कोणीच सगळ्यांच्या वतीने वागत नाही. इन्व्हर्टर बनवणारा मात्र वागतो. त्याने लिहिलेली एक ओळ हजारो यंत्रांचा आचार बनते. म्हणून त्याला कांटची कसोटी इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे लागते.

शेतातल्या सौर पंपाशी हे ताडून पाहावे. ग्रिडला न जोडलेल्या पंपावर ढग आला की ड्राइव्ह मोटरची फ्रिक्वेन्सी उतरवतो, पाण्याची धार बारीक होते, ऊन आले की पुन्हा वाढते. त्याचे सेटिंग चुकले तर नुकसान त्या शेतकऱ्याचे. शेजारच्या विहिरीवरच्या पंपाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच तऱ्हेचा कन्व्हर्टर ग्रिडला जोडला की त्याचा प्रत्येक आकडा सामाजिक होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्या संस्कारांतून येतो. इंजिनिअर म्हणेल, मला दिलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे मी काम चोख केले. त्याचे पुढे काय होते ही चिंता माझी नाही. निष्काम कर्माचा हा असा अर्थ आपल्याकडे बऱ्याच कार्यालयांत प्रिय आहे. पण गीतेतच, पुन्हा अठराव्या अध्यायात, परिणाम, हानी, हिंसा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. फळाची आसक्ती सोडायला सांगितली आहे, परिणामाचा विचार नव्हे. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त लोकसंग्रहावर जो एवढा भर दिला तो यासाठीच; लोकांचे जगणे एकत्र धरून ठेवणे हे ज्या कर्माचे प्रयोजन, त्यात 'पुढचे मला माहीत नाही' ही भूमिका बसतच नाही. या भूमिकेने काय होते ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथे १६ ऑगस्ट २०१६ रोजी वणव्यामुळे ५०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झाले, तेव्हा विजेच्या लहरीचा आकार क्षणभर वेडावाकडा झाला. काही इन्व्हर्टरांनी त्या मोडक्या लहरीवरून फ्रिक्वेन्सी मोजली (तिथल्या ग्रिडचा ताल आपल्या ५० हर्ट्झहून वरचा असतो), ती ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचे मानले आणि ताबडतोब बंद झाले. या एका कारणाने सुमारे ७०० मेगावॉट गेले. खरी फ्रिक्वेन्सी ५९.८ च्या खालीही उतरली नव्हती. वेदान्त्यांच्या दोरीवर साप दिसण्याच्या दृष्टान्ताची इथे आठवण होते, पण भ्रम यंत्राचा असला तरी त्या भ्रमावर लगेच पळ काढण्याची घाई लिहिलेली होती. उपाय म्हणून नंतर काही सेकंद थांबून पाहण्याची सूचना घालण्यात आली. ती आधी का नव्हती, तर असे होईल याचा विचार कोणी केला नव्हता. हा गुन्हा नव्हे; पण 'माझे काम चोख होते' हे त्याचे उत्तरही नव्हे.

तिसरा आक्षेप प्रारब्धाचा म्हणता येईल: जे बसवले ते बसवले, आता लाखो यंत्रे कोण बदलणार? याला जर्मनीनेच उत्तर दिले. २०१२ मध्ये नियम करून तीन लाखांहून अधिक सौर संचांची सेटिंगे बदलायला घेतली. जिथे शक्य तिथे ५०.२ नंतर वीज एकदम न तोडता फ्रिक्वेन्सीबरोबर हळूहळू कमी करायची, आणि जिथे ते जमत नव्हते तिथे वेगवेगळ्या यंत्रांना वेगवेगळे उंबरठे द्यायचे, म्हणजे सगळे एकदम निघून जाणार नाहीत. खर्च झाला, वर्षे गेली. पूर्वकर्म बांधते, तरी पुढच्या प्रयत्नाला मोकळीक असते, हा वाद 'गीतारहस्या'त एक अख्खे प्रकरण व्यापून आहे. फर्मवेअरच्या बाबतीत तर तो वाद फारसा अवघडही नाही.

सर्वांत कठीण आक्षेप बारभाईचा. उत्पादक, प्रकल्पमालक, मानके लिहिणारी समिती, ग्रिडचालक, नियामक इतक्या हातांतून आकडा जातो की शेवटी तो कोणाचाच राहत नाही. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ रोजी फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि अकरा लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. तासाभराच्या आत ती परत आली. लंडनच्या परिसरातल्या काही लोकलगाड्या मात्र तासन्‌तास रुळांवर उभ्या होत्या. त्यांचा वीजपुरवठा तुटलाच नव्हता. ४९ हर्ट्झच्या खाली गेल्यावर गाडीने स्वतःच्या मोटरांचे ड्राइव्ह बंद केले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुन्हा सुरू करण्याची मुभा चालकाला नव्हती. लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत चालकाच्या हाती काही नव्हते. इथे कर्ता कोण? पुष्कळ जण. पण पुष्कळांत वाटले गेले म्हणून ओझे नाहीसे होत नाही; नोंदच ठेवली नसेल तर मात्र ते सापडत नाही. नैतिक कर्तृत्व हरवण्याचे कारण इथे तत्त्वज्ञानातले गूढ नसून दप्तरातला कोरा रकाना असतो.

शिवाय प्रत्येक आकड्यामागे पैसा आहे. संकटासाठी थोडी क्षमता राखून ठेवायची तर तेवढी वीज विकता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीला २०२२ मध्ये फिरत्या संचासारखे जडत्व पुरवणारे नियंत्रण मिळाले. हे होऊ शकते, हे त्यातून दिसले, पण ते कोणी, किती आणि कोणाच्या खर्चाने करायचे हा निवाडा यंत्र करत नाही. न्यायाचा प्रश्न तिथे सुरू होतो.

भारतात स्थापित क्षमतेचा निम्मा भाग २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला आहे आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॉटचे लक्ष्य आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाची जोडणीची मानके आहेत, ती वेळोवेळी सुधारलीही जातात. तेवढे पुरेसे नाही. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या कन्व्हर्टरमधला प्रत्येक संरक्षणाचा आकडा कोणी ठरवला, कधी, कोणत्या कारणाने आणि तो कोणी तपासला, याची नोंद ग्रिडचालकाकडे असली पाहिजे आणि ती मागणाऱ्याला पाहता आली पाहिजे. राज्य वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावण्यांत आपल्याकडचे ग्राहक प्रतिनिधी दरवाढीवर हिरीरीने बोलतात. त्यांनी पुढच्या सुनावणीत दराबरोबर हा प्रश्नही लेखी द्यावा, आणि उत्तरही लेखीच मागावे.