आवाजाचा बांध

आमच्या भागात भांडण म्हटलं की पहिला शब्द येतो बांध. नांगराचा फाळ वीतभर पलीकडं सरकला, की सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचं पाणी पीत नाहीत. आज्यानं घातलेला दावा नातू चालवतो. मोजणीवाला येतो, दगड रोवून जातो, आणि दोन पावसाळ्यांत दगड आपली जागा सोडतो. पाण्याचंही तेच. विहिरीत कुणाचा किती हिस्सा, कुणाची पाळी कोणत्या वारी, हे लहान पोरालासुद्धा पाठ असतं. माझं कुठं संपतं आणि तुझं कुठं सुरू होतं, ह्याचा विचार शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही.

तरी एका गोष्टीला आम्ही अजून बांध घातलेला नाही. ती म्हणजे आवाज. हे मला सुचलं ते कुठलं पुस्तक वाचून नव्हे, गाड्यांना डेक बसवता बसवता.

१९९८ साली थोरल्या भावानं वडापासाठी जुनी कमांडर जीप घेतली. त्या काळात स्टँडवर चार जीपा उभ्या असल्या, तर ज्या जीपमध्ये टेप वाजतोय तिच्यात माणसं आधी बसायची. गाडी तीच, भाडं तेच, पण गाणं असलं की दहाच्या जागी पंधरा माणसं कोंबून बसायचं दुःख कमी व्हायचं. मी तालुक्याला बॅटरीच्या दुकानात दोन वर्षं हाताखाली काम केलेलं. भाऊ म्हणाला, ‘‘दुकानदाराला मजुरी कशापायी द्यायची? आपला हात जगन्नाथ.’’ तेव्हापासून गावातल्या जीपा, टेंपो, पुढं ट्रॅक्टर, सगळ्यांचे डेक माझ्या हाताखालून गेले.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं अवघड नाही आणि पोरं समजतात तेवढं सोपंही नाही. डेकच्या मागं वायरींचा झुपका असतो. पिवळी वायर कायम बॅटरीवर, म्हणजे डेकला आपली स्टेशनं आणि वेळ ध्यानात राहते. लाल वायर चावीवर, म्हणजे गाडी बंद केली की डेकही बंद. काळी वायर बॉडीला. घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडणारे पुष्कळ असतात. गाणं लागतं, मालक खूश होतो, आणि कधीतरी डेक चालूच राहतो नि सकाळी गाडी ढकलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते.

ॲम्प्लिफायर आला की कामाची जातच बदलते. १०० वॅटचा आवाज काढायचा, तर साधा ॲम्प्लिफायर बॅटरीकडं जवळजवळ दुप्पट मागतो. बारा व्होल्टवर तो हिशोब सोळा-सतरा अँपिअरवर जातो. दोन हेडलाइट मिळूनसुद्धा दहाच्या आसपासच खातात. म्हणून त्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायची आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालायचा. इथं पोरं हमखास म्हणतात, ‘‘ॲम्प्लिफायरला फ्यूज हाय की, आनखी कशाला?’’ तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला वाचवतो. पत्र्याच्या भोकातून जाताना वायरीचं साल घासून तांबं बॉडीला टेकलं, तर मधल्या सगळ्या वायरीची इस्त्री होते. तिथं अडवणारा दुसरा कुणी नसतो. भोकाला रबरी बुश घालायचा तो ह्याचसाठी.

अर्थिंगला रंगावर स्क्रू पिळून चालत नाही. पॉलिश पेपरनं घासून पत्रा चांदीसारखा दिसला पाहिजे. नाहीतर एक्सलेटर दाबला की गाण्यातून ‘कुंईऽऽ’ असा आवाज चढत जातो. डेकपासून ॲम्प्लिफायरला जाणारी गाण्याची वायर एका बाजूनं, करंटची दुसऱ्या बाजूनं. आणि शेवटी गेन. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. पाटाला पाणी किती आलंय ते बघून आपण दार जेवढं उघडतो, तसं ते आहे. जास्त उघडलं तर वाफा फुटतो. गेन जास्त झाला तर लाटांचे शेंडे छाटले जातात, गाणं फाटतं आणि स्पीकरची कॉईल जळते.

हे इतकं तपशिलानं सांगितलं त्याला कारण आहे. ह्या सगळ्या कामात माणूस एकच गोष्ट करत असतो. विजेला बांध घालत असतो. ही इथवर जाईल, एवढीच जाईल, आणि मर्यादा ओलांडली तर तार वितळेल पण गाडी जळणार नाही. इतकी काळजी घेऊन आपण जे तयार करतो, त्या आवाजाला मात्र मोकाट सोडून देतो.

तीन-चार हंगामांपूर्वी पुतण्या माझ्याकडं आला. त्याचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढतो. दोन ट्रॉल्या, पंधरा-वीस टन माल. त्याला मडगार्डवर चार स्पीकर, मागं दोन बारा इंची वूफर आणि मोठा ॲम्प्लिफायर पाहिजे होता.

मी म्हटलं, ‘‘एवढं कशाला रं?’’

‘‘तात्या, तुमी रात्रीचं कधी बसलाय का ट्रॅक्टरवर? अडीच-तीनला निसतं इंजनाचं धड्धड् ऐकून डोळं मिटत्यात. गाडी पंधराच्या स्पीडनं. बोलाय माणूस नाही. एक डुलकी लागली तर दोन ट्रॉल्या कुणाच्या अंगावर जातील?’’

हे खरं होतं. चैनीसाठी वाजवणाऱ्याला समजावणं सोपं. हा जागं राहण्यासाठी आवाज मागत होता, आणि तो जागा राहिला तर त्यात रस्त्यावरच्या सगळ्यांचाच फायदा होता.

पण त्याच रस्त्याला, ओढ्याच्या वळणावर, ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या असतात. बीडकडची माणसं. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या, आणि पहाटे चारला परत फडात. चटईची नि प्लास्टिकची कोपी आवाज कुठला अडवणार? त्यातून रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो. दिवसा जो आवाज ओढ्यापलीकडं विरतो, तो रात्री उशाशी येऊन बसतो.

त्या कोप्यांतली एक बाई एकदा आमच्या विहिरीवर पाण्याला आली होती. मांडीवर लेकरू. मी सहज विचारलं, झोप लागते का रस्त्याकडंला? ती म्हणाली, ‘‘कशाची झोप, दादा. ट्रॅक्टर वाजत आलं की लेकरू दचकून उठतंय. पण कुणाला म्हणावं? ट्रॅक्टर चाललं तर आमचं काम चालतंय.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मी दुसरंही बघितलेलं आहे. हेच ट्रॅक्टर पोलीस चौकीपुढून जातात तेव्हा बटण खाली येतं. कारखान्याच्या गेटवर येतं. एखाद्या वजनदार माणसाच्या बंगल्यापुढं येतं. कुणी सांगत नाही, बोटच आपोआप फिरतं. म्हणजे आवाजाला बांध नाही असं मी वर म्हटलं, ते अर्धंच खरं. बांध आहे. प्रत्येक ड्रायव्हरला तो ठाऊक आहे. फक्त तो भीतीनं घातलेला आहे. ज्याला तक्रार करता येते त्याच्या दारापुढं आवाज थांबतो, आणि ज्याला करता येत नाही त्याच्या दारातून आत जातो.

मग प्रश्न असा, की ज्याच्याकडून कधीच तक्रार येणार नाही, त्याचा बांध कुणी घालायचा?

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा. त्यात एक कलम मला फार आवडतं. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज मोजायचा तो त्या खासगी जागेच्या हद्दीवर. म्हणजे कायद्यालाही शेवटी बांधावरच येऊन उभं राहावं लागलं. पण ही हद्द घराला असते, मंगल कार्यालयाला असते. ट्रॅक्टरची हद्द कुठली? ती त्याच्याबरोबर चालत राहते. क्षणात ती कोपीला टेकते, क्षणात दवाखान्याला, क्षणात दारं धरणाऱ्या माणसाला. रात्रीच्या लायटीवर पाणी पाजणारा माणूस निम्मं कानानं बघतो. मोटरचा सूर बदलला, चारी फुटली, पाचटात काही सळसळलं, हे त्याला ऐकूनच कळतं. आवाज त्याच्यावरून गेला, की तेवढा वेळ तो आंधळा होतो. अशा फिरत्या हद्दीवर मोजणीवाला कुठला आणायचा? तिथं बांध घालणारा एकच माणूस असू शकतो, बटणावर ज्याचा हात आहे तो.

आणि त्याच्या आधी आणखी एक, ज्यानं ते बटण बसवलं तो.

माझ्या धंद्यातली माणसं इथं एक वाक्य बोलतात. ‘‘मी नाही बसवलं तर दुसरा बसवंल.’’ हे खोटं नाही. तालुक्याला दुकानं रांगेनं आहेत. पण हेच वाक्य मी फ्यूजबद्दल कधी ऐकलं नाही. दुसरा फ्यूज घालत नाही म्हणून मीही घालणार नाही, असं शहाणा कारागीर म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातून गाडी जळेल ती जळेल, माझ्या हातून जळणार नाही, एवढं तो धरून असतो. मग झोपेबद्दल तेच का धरू नये? जळालेली वायर दिसते आणि मोडलेली झोप दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मी पुतण्याला नाही म्हटलं नाही. त्याची गरज खरी होती, म्हणून ती नीट मोजायचं ठरवलं. त्याला काय पाहिजे? कानात गाणं. मग स्पीकर कानाजवळ पाहिजे. उघड्यावर आवाजाचा नियम आहे, अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबल उतरतो. उलट धरलं तर दोन मीटरवरचा स्पीकर अर्ध्या मीटरवर आणला, तर कानाला तेवढाच आवाज द्यायला सोळावा हिस्सा ताकद पुरते. मडगार्डवर बाहेर तोंड करून बसवलेले चार स्पीकर आधी रस्त्याला ऐकवतात आणि उरलंसुरलं ड्रायव्हरला. मी हुडाच्या आतून, डोक्याच्या दोन बाजूंना, त्याच्याकडं तोंड करून दोन लहान स्पीकर बसवले. वूफर नाही. खालचा घुमणारा आवाजच भिंती ओलांडून लांब जातो. शिवाय मागच्या गाडीनं साइड मागितली तर हॉर्न ऐकू आला पाहिजे. डबल ट्रॉलीच्या मागं अडकलेल्या मोटरसायकलवाल्याचा जीव त्या हॉर्नवर असतो.

पुतण्यानं बसून बघितलं. गाणं स्वच्छ लागलं. उतरून वीस पावलं लांब गेला, परत आला, आणि तोंड पाडून म्हणाला, ‘‘तात्या, हितं बेस हाय. पर मग लोकांस्नी कसं कळायचं, माझा ट्रॅक्टर आला म्हणून?’’

मला हसू आलं नाही. दहावीत शाळा सुटलेला, लग्नाच्या बाजारात कुणी विचारत नाही असा हा पोरगा. गावातून जाताना घरांच्या खिडक्या थरथरतात तेवढाच वेळ तो आहे, असं गावाला कळतं. शहरातला माणूस पाटी लावतो, फोटो टाकतो. ह्याच्याकडं आवाज होता. माणसाला आपण आहोत हे सांगावंसं वाटतं, आणि ती गरज भाकरीइतकीच खरी आहे. पण त्या भाकरीचं पीठ कोपीतल्या लेकराच्या झोपेतून काढायचं, हे मला मान्य नाही. त्याला मी एवढंच म्हणालो, ‘‘तुझा ट्रॅक्टर आला हे कारखान्याच्या काट्यावर कळतंय. वजन तिथं हुतंय.’’ त्याला ते पटलं असं नाही. जो मान मागतोय त्याला तत्त्व देऊन त्याचं पोट भरत नाही, हे मलाही कळतं.

पुढच्या हंगामात त्यानं एक वूफर आणला आणि स्वतःच्या हातानं बसवला. मी बघून घेतलं. बॅटरीपाशी फ्यूज होता, भोकाला बुश होता, अर्थिंगचा पत्रा घासलेला होता. काम चोख होतं. ओढ्याच्या वळणावर तो बटण खाली घेतो की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याचा जबाब त्याच्याकडून घेण्यात अर्थ नाही. तो द्यायचा तर तिथं झोपलेल्या माणसांनी द्यावा, आणि ती तर बोलत नाहीत.