आधी खाकरावं

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या जुन्या घरांना बेल नव्हती. दार दिवसभर उघडंच असायचं. तरी कुणी सरळ आत शिरत नसे. पुरुषमाणूस असला की अंगणात थांबायचा, वहाणा काढता काढता जरा खाकरायचा. बाई असली तर 'हाय का गं कोण घरात?' म्हणून हाळी द्यायची. मग घडीभर थांबायचं. तेवढ्या वेळात आतली बाई पदर सावरायची, अंथरुणातलं माणूस उठून बसायचं, कोरड्यास नसलेलं ताट आडोशाला जायचं. आतनं 'या' असा आवाज आला की मग उंबरा ओलांडायचा. पाळणारे पाळायचे, न पाळणाऱ्याला गाव मागनं नावं ठेवायचं.

हा रिवाज आम्हाला कुणी शिकवला नाही. बघून बघून आला. त्याच्यामागं केवढा विचार आहे, ते मला कळलं २०२० साली, मुलुंडला पुतणीच्या घरात बसून. ती शिक्षिका. तिची शाळा त्या वर्षी घरात आली आणि एक प्रश्न घेऊन आली. शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याच्या घरात कितपत बघावं? दिसायला प्रश्न साधा आहे. मी पाच महिने त्याच्यावर विचार केला आणि अजून करतो आहे.

मार्चात मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला तिच्याकडं गेलो होतो. ऑपरेशन झालं, आणि २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला. लोकल थांबल्या. २५ तारखेपासून सगळा देशच बंद. लेकीच्या दारी पाहुण्यानं दोन रात्री राहाव्यात, मी पार २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली तवा सुटलो. जावई बेस्टमध्ये कंडक्टर. नर्सबाया, सफाई कामगार, पोलीस यांना न्यायला बस चालूच होत्या, त्यामुळं तो रोज कामावर. घरात पुतणी, तिचा सातवीतला मुलगा आणि एका डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला मी. जागा म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर.

पुतणी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत नववीला मराठी आणि इतिहास शिकवते. तिथली बरीचशी पोरं डोंगरउतारावरच्या वस्तीतली. बाप माथाडी, रिक्षावाला, वॉचमन. आई चार घरची धुणीभांडी करणारी. १५ जूनला शाळेचं नवं वर्ष सुरू झालं ते मोबाईलवर. ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा, समोर स्टुलावर बसायचं. मागच्या भिंतीवर भांड्यांची मांडणी होती, ती झाकायला तिनं पहिल्याच दिवशी एक धुतलेली चादर खिळ्यांवर ताणून लावली. कुकर आठच्या आत उतरवायचा, शिट्टी मध्येच नको म्हणून.

मला आधी यात नवल वाटलं नाही. शेतकऱ्याचं घर आणि काम कधी वेगळं होतं? गोठा घराला लागून, बियाणं माजघरात, खताची पोती सोप्यात. पण चार दिवसांत फरक ध्यानात आला. बैल घरात आला तरी तो घराकडं बघत नाही. तिच्या ओट्यावर मात्र रोज पोरांचे डोळे उगवायचे, आणि त्यांच्या मागं कधी कधी आईबापांचेही. एक दिवस कुणाच्या तरी बापानं मधनंच विचारलं, 'बाई, एवढं हळू का बोलताय?' तिचा मुलगा पलीकडं त्याच्या शाळेच्या तासाला बसला होता, म्हणून ती हळू बोलत होती.

पटावर नावं अठ्ठेचाळीस. यायची तीसएक. बाकीची कुठं? काही गावी गेलेली. एकीचं घर दापोलीकडं. ३ जूनला निसर्ग वादळ झालं, खांब आडवे झाले, आणि तिच्या वाडीत वीजच नाही. काहींच्या घरात मोबाईल एकच, तो बापाबरोबर रिक्षात. त्या वर्षी 'असर'वाल्यांनी देशाच्या ग्रामीण भागात पाहणी केली, तर शाळेत नाव असलेल्या शंभरातल्या साधारण बासष्ट पोरांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे अडतिसांच्या घरी नव्हता. आणि घरात असला म्हणजे पोराच्या हातात असतो असंही नाही.

अशात शाळेचा नियम आला. कॅमेरा बंद ठेवील तो गैरहजर. नियम काढणाऱ्याचंही काही अगदी चुकत नव्हतं. पोरं नाव लावून मोबाईल उशाला ठेवायची आणि झोपायची. प्रश्न विचारला की गप्प.

एक मुलगा होता, हुशार, पण कधी कॅमेरा लावायचा नाही. रोज गैरहजर मांडला जायचा. एके दिवशी पुतणी म्हणाली, 'बाळा, आज लाव. तुझी हजेरी पार घसरली.' तो म्हणाला, 'बाई, नको.' ती म्हणाली, 'लाव रे, मला बघू दे तरी.' मग त्यानं लावला. मी बाजूलाच होतो, मला पडदा दिसत नव्हता, पण तिचा चेहरा दिसला. मागनं तिनं सांगितलं. दहा बाय दहाची खोली. मोरी त्याच खोलीत, कोपऱ्यात. आई अंगोळ करत होती. तिला कळलं तशी ती लुगडं ओढून भिंतीकडं तोंड करून बसली. दोन-तीन सेकंदांचा खेळ. तोवर तीस घरांत ते दिसलं होतं. कुणीतरी हसलं. मुलानं बंद केलं आणि पुढं सहा दिवस तो आलाच नाही.

त्या रात्री पुतणी जेवली नाही. म्हणाली, 'तात्या, मी माझ्या मागं चादर लावली. त्याच्या घरात चादर लावायला भिंतच मोकळी नाही.'

मी पडल्या पडल्या शाळेचा विचार करत होतो. शाळेच्या चार भिंती कशासाठी असतात? ऊन-पाऊस लागू नये म्हणून, असं आपण म्हणतो. पण त्यांचा आणखी एक उपयोग आहे. त्या पोराचं घर बाहेर ठेवतात. गणवेश घातला की कुणाच्या घरी काय शिजलं, बाप रात्री कसा आला, ते कापडाखाली झाकून जातं. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात नाना जातींची पोरं एका छपराखाली ठेवली, एका पंगतीला जेवायला घातली. मी त्यांच्याच रयतेच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. माझ्या चड्डीला ठिगळ होतं, पण माझ्या घराच्या भिंतीला पडलेलं भगदाड वर्गात कुणी बघितलं नव्हतं. पोराला स्वतःच्या घरापासून पाच तास सुटी मिळणं, ही शाळेची मोठी देणगी. टाळेबंदीत नेमकी तीच गेली.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, आणि ती पुतणीनंच मांडली. मी म्हणालो, 'बाळ, मग बघूच नये. आवाज आला तरी पुरे.' ती म्हणाली, 'तात्या, वर्गात मी काय फक्त शिकवते का? एखादी पोर डोळे सुजवून येते, मला कळतं. एखादा उपाशी आलाय, मला दिसतं. आता मी बघायचंच सोडलं आणि एखाद्या घरात पोरीवर हात पडत असला, तर?' मला लगेच उत्तर सुचलं नाही. आम्हीही पिकाच्या बाबतीत हेच म्हणतो. बांधावरनं सगळं हिरवंच दिसतं. सरीत उतरून पान उलटं करून बघावं, तवा मावा सापडतो. न बघणं हे कधी कधी मर्यादा पाळणं असतं आणि कधी कधी नुसती कामचुकारी असते. दोन्ही बाहेरनं सारखीच दिसतात.

मग फरक कशानं ओळखायचा? मला इतिहासातली एक गोष्ट आठवली. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रोगी हुडकायला रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, स्वयंपाकघरात, देवघरात. लोक खवळले, आणि त्या २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी घातली. साथ खोटी नव्हती. माणसं खरंच मरत होती, तपासणी लागणारच होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्यासुद्धा शिक्षिकाच. रोगी हुडकायला सोल्जर निघाले आणि रोग्यासाठीच सावित्रीबाईही निघाल्या. सोल्जरच्या हातात हुकूम होता, घरच्याला 'थांबा' म्हणायची सोय नव्हती. सावित्रीबाईंनी दुखणाऱ्याचं ओझं स्वतः उचललं, त्यात स्वतःचा जीव घातला. पुतणीच्या मोबाईलची आणि सोल्जरच्या बुटांची मी बरोबरी करत नाही. पण 'थांबा' म्हणायची सोय कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढं मात्र त्यातनं घेण्यासारखं आहे.

अंगणात खाकरणारा माणूस नेमकं हेच करत असतो. तो आतल्याला एक घडी देतो. 'या' म्हणायचं की 'जरा थांबा' म्हणायचं, हे आतल्यानं ठरवायचं. यात आतला गरीब असला तरी तेवढ्यापुरता तो घराचा धनी असतो. मोबाईल खाकरत नाही. आणि नववीतलं पोर बाईंना 'थांबा' म्हणू शकत नाही. त्यानं 'बाई, नको' म्हटलं होतं, तेवढीच त्याची ताकद. दोघांत ज्याचं वजन जास्त, आधी खाकरणं त्याच्याकडं लागतं. बाईंनी पोराच्या दारात खाकरावं, शाळेनं बाईंच्या, आणि सरकारनं दोघांच्याही.

जुलैत केंद्र सरकारचे 'प्रज्ञाता' नावाचे नियम आले. पहिली ते आठवीला दिवसाला दोन तास घ्यावेत, नववी ते बारावीला चार, एकेक तास तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा. पोरांच्या डोळ्यांची काळजी म्हणून चांगलंच होतं. मिनिटं घड्याळावर मोजता येतात. उंबऱ्यावर किती थांबायचं, ते ज्यानं त्यानं दर वेळी ठरवावं लागतं.

पुतणीनं काय केलं ते सांगतो. त्या मुलाच्या आईला फोन केला. आधी मेसेज टाकून विचारलं, कधी बोलू? आई म्हणाली, रात्री नवानंतर. फोनवर पुतणीनं माफी मागितली. आई म्हणाली, 'जाऊ द्या बाई, तुम्हाला काय म्हाईत.' मग पुतणीनं सगळ्या वर्गाला सांगितलं, कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीचा. हजेरी आवाजाची. तास सुरू होताना प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, संपताना एक. ज्यांचा आवाज बसलेला वाटेल, जे दोन दिवस गप्प असतील, त्यांच्या घरी संध्याकाळी फोन, आधी विचारून. मुख्याध्यापकांना तिनं हे लिहून दिलं. त्यावरनं तिला बोलणी खावी लागली, पण तिनं कॅमेऱ्यापायी कुणाला गैरहजर मांडलं नाही.

यानं सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. झोपणारे झोपलेच. एक वाक्य बोलून खेळायला जाणारेही होते. मी तिला म्हणालो, 'पेरताना पाखरांचा वाटा धरूनच पेरतो आम्ही.' ती हसली, पण म्हणाली, 'तात्या, पाखरांचं ठीक आहे. ही पोरं माझीच आहेत, त्यांचं नुकसान माझ्या खात्यावर.' तिचं बरोबर होतं. पोराला लाजवायचं नाही असं ठरवलं की फसवून घ्यायची तयारी ठेवावी लागते, आणि त्याची किंमत कधी कधी पोरच भरतं. तरी दोन्ही तराजूत घातलं तर मी तिच्या बाजूनं जाईन. चुकलेला धडा पुढच्या वर्षी परत घेता येतो. तीस घरांत दिसलेलं परत झाकता येत नाही.

मुंबईतले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. तो मुलगा तवा दहावीत. रोज येतो, अभ्यास करतो, असं पुतणीनं फोनवर सांगितलं. मागच्या बाकावर बसतो आणि तिच्याकडं सरळ बघत नाही, हेही सांगितलं. तिनं ते त्याच्यावर सोडलं. २०२२ साली तो दहावी पास झाला.

टाळेबंदी संपली, पण न खाकरता आत शिरायची सवय राहिली. रेशनचं किट देताना घेणाऱ्याचं तोंड फोटोत आलंच पाहिजे, असं तवा सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. गावच्या शाळेत कुणी वह्या वाटल्या की पोरांना वह्या छातीशी धरून ओळीत उभं करतात. घरकुलाचा हप्ता सोडायला घराचा फोटो लागतो. हिशेबाला तो लागत असेल, पण काढणारा 'काढू का?' म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं की माणसाचा खाजगीपणा हा त्याचा मूलभूत हक्क आहे. नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं. चांगलंच झालं. पण तो हक्क कागदावरनं दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत पोचायचा तर वाटेत एक माणूस लागतो, जो दारात थांबेल.

त्याला कायदा पाठ असायची गरज नाही. बघायला तर जावंच लागतं. मास्तरला, डॉक्टरला, तलाठ्याला, शेजाऱ्यालाही. जाताना वहाणा काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आतल्याला द्यावा, आणि 'या' ऐकू आलं तरच पाय उचलावा.